पाण्याची पंचायत : गिरणा खोरं आणि वलेन्सिया

सुरगाणा तालुक्यात केमच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. पूर्वेकडे उतरलेलं पाणी गिरणेतून कळवण, मालेगाव करत तापीला मिळतं. पश्चिमेकडचं पाणी नार-पार नद्यांतून गुजरातेत आणि पुढे अरबी समुद्रात जातं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये हंडा घेऊन पायपीट, हे इथल्या आदिवासी पाड्यांचं नेहमीचंच. पाणी वाटायचं कुणी, हा प्रश्न इथं पुस्तकातला नाही.

डोंगर उतरलं की गिरणा, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर त्याचं एक जुनं उत्तर सापडतं. त्याला फड म्हणतात. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. उसाच्या फडाला जास्त पाणी, दुसऱ्याला कमी, एखादा कोरडाच. पुढच्या हंगामात पाळी बदलते. बहुतेकांच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा एकट्याच्या वाट्याला येत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि तंटा झालाच तर शेतकऱ्यांतलेच पंच. या नोकरांची मजुरी पूर्वी धान्यात दिली जाई. पाटातला गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा.

याच धर्तीची, पण जगप्रसिद्ध झालेली पंचायत स्पेनमधल्या वलेन्सिया शहरात आहे. दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या कॅथेड्रलच्या दारात तुरिया नदीच्या आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी काळे झगे घालून गोलात बसतात. आठही जण स्वतः शेती करणारे, आपापल्या कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. वकील नाही, कागद नाही. पाणी चोरलं, पाळी मोडली, शेजाऱ्याचं शेत बुडवलं, अशा तक्रारी तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल दिला जातो. त्यावर अपील नाही. ज्या कालव्याची तक्रार, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ते कॅथेड्रल शहराच्या जुन्या मशिदीच्या जागेवर उभं आहे. कालव्याला तिथे ‘असेकिया’ म्हणतात. हा अरबी ‘साकिया’च, उर्दू शायरीतला साकीही त्याच धातूतला. न्यायालयाचा पुकारा करणारा ‘अल्ग्वासिल’ म्हणजे मूळचा वजीर! पदाची घसरण झाली, शब्द टिकला. शुक्रवार जुम्म्याचा म्हणून बैठक गुरुवारी, असंही सांगतात.

इथे आपल्या लोकांचा उत्साह जरा आवरायला हवा. न्यायालयाची स्थापना 960 साली, कोर्दोव्याच्या खिलाफतीत झाली, असं मानून 1960 मध्ये सहस्राब्दी साजरी झाली. पण ती तारीख परंपरेची आहे, दस्तऐवजाची नाही. नक्की आहे ते इतकंच, की 1238 मध्ये वलेन्सिया जिंकणाऱ्या राजा जाउमेने पाणीवाटप मुसलमानांच्या काळच्या वहिवाटीप्रमाणेच चालू ठेवायचं फर्मान काढलं. मला खिलाफतीच्या दाव्यापेक्षा हे फर्मान जास्त महत्त्वाचं वाटतं. जिंकणाऱ्याला कळलं होतं, की राज्य बदलता येतं, पाटाची पाळी बदलली तर पीक जातं.

माणसांच्या बाबतीत मात्र ही समज दिसली नाही. शहरालगतच्या जमिनी जिंकल्यावर लगेच नव्या ख्रिस्ती वसाहतकारांना वाटल्या गेल्या. उरलेल्या मुसलमानांच्या वंशजांनी पुढे बाप्तिस्मा घेतला, तोही बहुतेकांनी सक्तीने. तरी 1609 मध्ये तिसऱ्या फिलिपने त्यांना हाकलून दिलं. एकट्या वलेन्सिया राज्यातून लाखाहून जास्त लोक जहाजांत भरले गेले. त्यांच्या पूर्वजांची वहिवाट न्यायाला चालत होती, ते स्वतः शेजारी म्हणून चालले नाहीत. वारशाच्या सोहळ्यांत हे ठळकपणे सांगितलं पाहिजे.

पाण्याच्या तंट्याची एक गोष्ट हदीसमध्येही आहे. मदिनेत हजरत जुबेर यांचं शेत वर, एका अन्सारीचं खाली. पैगंबरांनी आधी सुचवलं, की जुबेर यांनी शेत भिजवून पाणी खाली सोडावं. अन्सारी चिडून म्हणाला, ते तुमचे आतेभाऊ ना! मग पैगंबरांनी जुबेर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. म्हणजे पहिला निकाल सवलतीचा होता आणि ती सवलत खालच्यासाठी होती. आरोप मात्र नात्याचा झाला. वलेन्सियात संबंधित कालव्याचा पंच बाजूला बसतो, तो अशाच संशयाला जागा राहू नये म्हणून.

आता नार-पारचं पाणी उचलून गिरणेत सोडायच्या योजनेला राज्य सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. गिरणाकाठाला ते हवंच आहे. तिकडची तहान खोटी नाही. शेतकऱ्यांना पाणीवाटपात अधिकार देणारा 2005 चा कायदाही महाराष्ट्रात आहे. पण त्याच्या पाणी वापर संस्थांचं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला मिळतं. ज्या पाड्यांच्या डोंगरावर हे पाणी पडतं, ते या लाभक्षेत्रात नसतील तर गिरणेच्या पंचांत त्यांचा माणूस नसेल.