जुना माग : दुरुस्त करावा की पालटावा?



यंत्र जुने झाले म्हणजे त्याच्या धन्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : डागडुजी करून तेच चालवावे, की मोडीत घालून नवे आणावे? घरच्या शिलाईच्या यंत्रापुरता हा प्रश्न एका कुटुंबाचा असतो. सोलापुरासारख्या गिरणगावात तो हजारो कुटुंबांच्या चुलीशी जाऊन भिडला. त्याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

माग झिजतो म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. लँकेशायरी धर्तीच्या मागात धोटा मिनिटास दोनशेच्या आसपास वेळा इकडून तिकडे फेकला जातो. इतके आघात सोसणारे भाग झिजणारच. म्हणून धोट्यास धक्का देणारा कातडी पिकर, चामडी पट्टे, लाकडी काठी हे भाग सहज बदलता यावेत असेच केलेले असतात. त्यांवर खर्च करणे म्हणजे दिव्यात तेल घालणे होय. परंतु मुख्य दांडाच वाकला किंवा सांगाड्यास तडा गेला, की सूत वारंवार तुटू लागते, कापडात दोष उमटतात आणि विणकऱ्याचा वेळ धागे जोडण्यातच सरतो. दुरुस्तीचा खर्च व वाया गेलेला माल यांची बेरीज नव्या यंत्राच्या व्याजाहून व घसाऱ्याहून वाढली, म्हणजे पालट करणे शहाणपणाचे ठरते. हिशेब इतका सोपा आहे; कठीण आहे ती त्यासाठी गाठी लागणारी शिल्लक.

हा हिशेब वेळीच करणाऱ्यांत जमशेटजी टाटा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आरंभी स्वस्त पडली म्हणून घेतलेली यंत्रे हलकी निघाली, तेव्हा ती रेटीत न बसता टाटांनी ती पालटली. पुढे १८८३ च्या सुमारास, खुद्द लँकेशायरातील कारखानदार म्यूल यंत्रांस चिकटून असताना, त्यांनी रिंग यंत्रांचा प्रयोग केला. म्यूलवर सूत पिळणे व गुंडाळणे ही कामे आळीपाळीने होतात. रिंगवर ती एकसमयावच्छेदेकरून चालतात. हा लाभ त्यांनी ओळखला.

एम्प्रेसच्याच काळात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या, तेव्हा लोक हिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. नाव आपुलकीचे होते. पण जुनेपणाची जोखीमही त्यात होतीच.

१९३९ ते १९४५ च्या महायुद्धात देशातील गिरण्या जादा पाळ्या घालून चालल्या. कापडास गिऱ्हाईक होते, नफाही होता. परंतु यंत्रे बहुतेक विलायती असल्यामुळे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. अशा वर्षांचा नफा हा पुरता नफा नव्हेच. त्यातील मोठा वाटा झिजलेल्या लोखंडाचे मोल असते. तो घसाऱ्याच्या खात्यात राखून ठेवणारा कारखानदार पुढे दुरुस्ती व पालट यांतून निवड करू शकतो. सर्व नफा वाटून टाकणाऱ्यास निवडीचा अधिकारच उरत नाही.

जुन्या मिलच्या संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी कामगारांस नोटीस दिली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार हाती घेतला. पाठोपाठ त्याच वर्षी कायदाही झाला. त्या कायद्याने यंत्रांच्या वयाकडे बोट दाखविले नाही. गैरव्यवस्था व हेळसांड यांमुळे उत्पादनास धक्का पोहोचला आणि गंभीर बेकारी ओढवली, असे त्यात नमूद होते. कंपनीचे वसूल भांडवल ३२ लाख रुपयांचे होते. शंभर रुपयांच्या ३२,००० अग्रहक्काच्या भागांवर निम्मीच रक्कम भरलेली होती. ती बाकी, म्हणजे १६ लाख रुपये, नव्या संचालकांनी मागितली. त्यावरून दावा झाला, आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. सुबत्तेत बाजूस न काढलेला पैसा आपत्तीत मागणे किती अवघड असते, याचा हा धडा होय.

येथे कामगाराची बाजूही ऐकली पाहिजे. जुना माग त्याची मजुरी खातो हे खरे. पण नवा माग कधी कधी त्याचे कामच घेतो. साध्या मागांवर एक विणकर बहुधा दोन माग सांभाळी. आपोआप कांडी बदलणारे माग एकाच माणसाकडे कितीतरी अधिक संख्येने सोपविता येतात. मुंबईच्या १९२८ सालच्या मोठ्या संपामागे अधिक माग चालविण्याच्या योजनेची भीती होतीच. म्हणून यंत्र पालटताना, सुटणाऱ्या माणसाची तरतूद हाही किमतीचाच भाग समजला पाहिजे.

त्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे आता मुके झाले आहेत. तरी चादरी व टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत यंत्रमाग खडखडतच आहेत. केंद्र सरकारने १९९९ साली यंत्रसुधारणेसाठी योजना काढली. पण नव्या मागाबरोबर कर्जाचा हप्ताही दारी येतो. अशा वेळी प्रत्येक धन्याने स्वतःस विचारावे : झीज भागाची आहे की गाभ्याची? आणि चालत्या दिवसांत मी उद्यासाठी काय बाजूस ठेवले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगला फिटर देईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र धन्याच्या वहीतच सापडावे लागते.