वरच्या काठाचे कर्तव्य : आपल्या नद्यांच्या इतिहासातून



शाळेच्या दिवंगत गुरुजनांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. ‘निसर्गसंपत्तीचे जतन’ या विषयावर इतिहासाच्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. विज्ञानाचे शिक्षक पाण्याची परीक्षा करून दाखवतील, भूगोलाचे शिक्षक पर्जन्यमान सांगतील. इतिहासाचा अभ्यासक इतकेच सांगू शकतो की, हे पाणी आपल्यापर्यंत कसे आले, ते कोणी साठवले आणि साठवताना कोणाकोणाचा विचार केला. माझ्या मते, यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपले कोगनोळी दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. कागलहून इकडे येताना महामार्ग दूधगंगा ओलांडतो आणि पुढे निपाणीकडे जाताना यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडतो. दोघीही सह्याद्रीतून निघतात, भोजजवळ एकत्र येतात आणि पुढे कल्लोळ-यडूरच्या परिसरात कृष्णेला मिळतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात असलेला हा भाग नंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. सीमाप्रश्नाचा इतिहास हा आजचा विषय नव्हे. मात्र माणसांनी आखलेली सीमा नदीला ठाऊक नसते. तिला फक्त वरचा काठ आणि खालचा काठ ठाऊक असतो.

जतनाचा विचार हा परदेशातून आलेला नवा विचार आहे, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट नियम आहेत. आरमाराला सागवान हवे, परंतु ते परवानगीने तोडावे. आंबा-फणसासारखी रयतेची झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती एकदोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयत ती लेकरांसारखी वाढवते. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. या नियमामागील दृष्टी पाहा. राज्याची गरज मोठी आहे हे मान्य करूनही, ज्याने झाड वाढवले त्याची संमती त्या गरजेपेक्षा मोठी मानली आहे. निसर्गाचे रक्षण आणि माणसाला न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपल्या पूर्वजांना वाटत नव्हते.

याच गादीवर १८९४ साली राजर्षी शाहू छत्रपती आले. ते मूळचे आपल्या शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातील. कारभार हाती येताच १८९६-९७ च्या दुष्काळाला आणि पाठोपाठ प्लेगला त्यांना तोंड द्यावे लागले. त्या अनुभवानंतर, १९०२ साली, त्यांनी संस्थानचे पाटबंधारेविषयक धोरण जाहीर केले. विहिरी आणि तलावांची पाहणी झाली. मग भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचा संकल्प झाला. तेथे वसवलेल्या गावाला राजकन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव मिळाले. १९०९ साली धरणाच्या कामाला प्रारंभ झाला. परंतु पैसा अपुरा पडला आणि १९१८ साली काम अर्ध्यावर थांबले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले. धरण पूर्ण व्हायला १९५७ साल उजाडावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, या सनावळीकडे केवळ परीक्षेच्या दृष्टीने पाहू नका. ज्याने धरणाचा पाया घातला त्याला भरलेले धरण पाहायला मिळाले नाही. ते पूर्ण करणाऱ्या पिढीने पूर्वीच्या पिढीचा संकल्प आपला मानला. पुढे १९५८ साली धरणाच्या वरच्या अंगाचे दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखीव झाले. महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य. त्या जागेचे महत्त्व इतके की २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा राधानगरीचा त्यात समावेश झाला. जंगल टिकले म्हणून डोंगराची माती जागेवर राहते, माती राहिली म्हणून पावसाचे पाणी मुरते आणि धरणात गाळ कमी येतो. ज्या गव्याला आपण कधी पाहिलेलेही नसते, त्याच्या निवाऱ्यावर आपल्या खोऱ्यातील नद्यांचे उन्हाळ्यातील पाणी काही अंशी अवलंबून असते.

दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले. त्याची क्षमता सुमारे २५.४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. धरण महाराष्ट्रात असले तरी तो दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून त्यातील ४ टीएमसी पाणी कर्नाटकाच्या वाट्याचे आहे. कृष्णेच्या संपूर्ण खोऱ्यासाठी बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी ठरवून दिले होते. आकडे रूक्ष वाटतात, पण प्रत्येक आकडा म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला शब्द असतो.

हा शब्द प्रत्यक्षात कसा पाळला जातो, हे पाहायचे असेल तर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहावा. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांमधील गाळ्यांत बरगे घालतात. पाणी नदीच्या पात्रातच अडते, कोणाचे शेत बुडत नाही, गाव उठवावे लागत नाही. धरणातून सोडलेले पाणी एकेक बंधारा भरत खाली येते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले नाहीत तर पुराला अडथळा होतो. वेळेवर घातले नाहीत तर उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. वरच्या गावांनी मोटारी अखंड चालवल्या तर खालचा बंधारा कोरडा राहतो, म्हणूनच टंचाईत उपसाबंदी करावी लागते. वेदगंगेवरील जत्राट-भिवशी आणि अकोळ-सिदनाळ हे बंधारे तुमच्या परिचयाचे आहेत. दूधगंगेवरील मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्याचे तर एक टोक कर्नाटकात आणि दुसरे महाराष्ट्रात आहे. एका काठाने बरगे घालावेत आणि दुसऱ्याने काढावेत, असे तेथे चालणार नाही.

आता या इतिहासाची दुसरी, क्लेशदायक बाजू सांगणे भाग आहे. राधानगरीचे निर्मळ पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला येते आणि तेथून पुढे पंचगंगा या नावाने वाहते. वाटेत कोल्हापूर शहराचे सांडपाणी आणि पुढे वस्त्रनगरी इचलकरंजीचे रंगीत पाणी तिला मिळत आले. उन्हाळ्यात जलपर्णीने झाकलेले पात्र आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच या बातम्या आपण वाचत आलो आहोत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. हीच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा मग आपल्या जिल्ह्यात येते.

याचा पुढचा परिणाम आपल्या दारापर्यंत आला. जवळची नदी पिण्यायोग्य न राहिल्याने इचलकरंजीला दूरच्या नद्यांकडे पाहावे लागले. वारणेवरील दानोळीच्या योजनेला २०१८ साली तेथील ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला. मग दूधगंगेवरील सुळकूडची योजना पुढे आली आणि तिच्याविरुद्ध दूधगंगाकाठचे शेतकरी उभे राहिले. शहरातील माता-भगिनींना शुद्ध पाणी मिळू नये, असे कोणता शेतकरी म्हणेल? आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीला लागणारे पाणी सहज सोडून द्या, असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच हा वाद एवढा दुःखद आहे. आणि त्याचे मूळ शोधत गेलो तर ते टंचाईइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एका नदीच्या नासाडीत सापडते. एक नदी गमावली की तिचा भार शेजारच्या नदीवर पडतो, असा या घटनांचा अर्थ मला लागतो.

आपणही कोणाच्या तरी वरच्या काठावर आहोत, हे विसरून चालणार नाही. आपल्या गटारांचे पाणी, उसाच्या फडातून वाहून जाणारे खत, ओढ्यात टाकलेले प्लास्टिक हे सारे खालच्या गावांच्या घशाखाली जाते. पाटपाणी बेसुमार दिले तर काय होते, हे शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी सांगतात. तेथे दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून क्षार काढण्याचे काम झाले, आणि नापीक रानांत पुन्हा पिके उभी राहिली. बिघडलेले सुधारता येते, मात्र त्याला पैसा आणि वर्षे लागतात.

विद्यार्थी काय करू शकतील? नळ बंद करावा, झाड लावावे, हे तुम्हांला सर्वजण सांगतात आणि ते योग्यच आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी एक वेगळे काम सुचवतो. शाळेने एक पाण्याची वही ठेवावी. बंधाऱ्याला बरगे कोणत्या तारखेला घातले, केव्हा काढले, गावातील पाचदहा विहिरींचे पाणी दर महिन्याला किती हात खाली आहे, नदीच्या पाण्याला रंग वा वास केव्हा आला, २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कोठपर्यंत चढले होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यात लिहावे. प्रत्येक वर्षीच्या नववीच्या वर्गाने ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. अप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथांच्या यात्रेत भाकणूक ऐकताना पाऊसपाण्याचे बोल आपण कान देऊन ऐकतो. तितक्याच आस्थेने मागच्या वर्षांची नोंदही वाचावी. दोन राज्यांत वा दोन गावांत वाद उद्‌भवला तर आवाजापेक्षा नोंद उपयोगी पडते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती की, या कामी त्यांनी शाळेच्या पाठीशी उभे राहावे. राधानगरीचा पाया घालणाऱ्याने भरलेल्या धरणाची वाट पाहत काम थांबवले नव्हते. या वहीचे पहिले पान लिहिणाऱ्या मुलालाही तिचा उपयोग कदाचित पन्नास वर्षांनी कोणाला होईल, हे समजून लिहावे लागेल. आमच्या गुरुजनांनीही आम्हांला याच भावनेने शिकवले होते.