९ एप्रिल १९४५ : आधी जखमी, मग शत्रू

इटलीतील सेनियो नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनची छोटी तुकडी शत्रूच्या माऱ्यात जवळपास संपली. शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग ते उलट फिरले. हाताला गोळी लागल्याने टॉमीगन चालेना. ती फेकून त्यांनी हातबाँब उचलले. एकूण तीन मशीनगन ठाणी गारद केली आणि नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपण ठाण्यांचीच गोष्ट सांगतो. खरे तर आधी सोबत्यांना उचलून आणणे, हीच यातली मोठी गोष्ट.

२ ऑगस्ट १९८४ रोजी ते पुण्यात वारले. त्यांच्याशी आता बोलता येणार नाही, पण बारामती-इंदापुरातही माजी सैनिक आहेत. या सैनिकांशी सवडीने बोला.