चारा बीट : उत्पादन विपुल, मात्रा मोजकी

चारा बीट हे रब्बी हंगामातील मुळवर्गीय चारापीक असून, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे हिरवा चारा आटत जातो नेमक्या त्या काळात, ते काढणीस येते. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (काझरी) पश्चिम राजस्थानात या पिकाच्या चाचण्या घेतल्या. पाणी चांगले व व्यवस्था चोख असल्यास सुमारे चार महिन्यांत हेक्टरी 200 टनांपर्यंत हिरवे वजन मिळते, असे तेथे दिसून आले. हा आकडा भुरळ घालणारा आहे खरा. पण त्यातील सुमारे 87 टक्के भाग पाण्याचा असतो. या पिकाची विक्री आणि ते जनावरास खाऊ घालण्याचे प्रमाण, हे दोन्ही या एका गोष्टीवर ठरते.

स्वयंपाकघरातील लाल बीट, साखर बीट आणि आपल्याकडची पालक ही सारी एकाच वनस्पतिजातीची भावंडे. चारा बीट मात्र आकाराने बरेच मोठे. एकेक मूळ एक-दीड किलोचे सहज भरते आणि त्याचा निम्माअधिक भाग जमिनीच्या वर राहतो. युरोपात ते फार पूर्वीपासून हिवाळी खाद्य म्हणून घेतले जाते. न्यूझीलंडमध्ये गाईंना ते उभ्या पिकातच चारतात. भारतात लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के जमीन चाऱ्यासाठी असते. झाशी येथील भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे 11 टक्के, तर वाळलेल्या चाऱ्याची सुमारे 23 टक्के आहे. थोड्या जागेत अधिक खाद्य देणाऱ्या पिकाकडे लक्ष वळले ते यामुळे.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. हेक्टरी दोन ते अडीच किलो बियाणे पुरते. सरी-वरंब्यावर दोन ओळींत 50 ते 70 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवून बी दोन ते चार सेंटिमीटर खोल टोकावे. पहिले सहा ते आठ आठवडे पीक नाजूक असते. या काळात खुरपणी चुकली की तणच पिकाला झाकून टाकते. जेके कुबेर, मोन्रो, जामोन आणि जेरोनिमो हे वाण काझरीच्या चाचण्यांत उजवे ठरले. अडचण बियाण्याची आहे. बीट हे द्विवर्षायू पीक असून फुलोऱ्यासाठी त्याला दीर्घ थंडी लागते. मैदानी मुलखात ते बी धरत नाही. त्यामुळे ज्वारीसारखे घरचे बी राखून ठेवण्याची सोय येथे नाही. दर हंगामात ते विकत घ्यावे लागते.

समुद्रकाठच्या रानटी बीटपासून उत्पन्न झाल्याने क्षार सोसण्याची शक्ती या पिकात उपजत आहे. मचूळ पाण्यावरही ते तग धरते, मात्र उगवणीच्या वेळी क्षार त्यास मानवत नाहीत. म्हणून आरंभीच्या पाळ्यांना शक्य तितके गोडे पाणी द्यावे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात किंवा सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनीत हा गुण मोलाचा वाटेल. तथापि, क्षार सोसणारे हे पीक साचलेले पाणी सोसत नाही. निचरा नसलेल्या जमिनीत मुळे कुजतात. क्षारपड आणि पाणथळ हे दोन दोष आपल्याकडे बहुधा एकत्रच नांदतात, तेव्हा आधी चर काढून निचरा करावा आणि मगच बियाण्यावर खर्च करावा.

विक्रीचा हिशेब कोरड्या वजनावर करावा. एक क्विंटल बीटमध्ये कोरडे द्रव्य सुमारे 13 किलो असते. ऊर्जेच्या दृष्टीने ते फार तर 14-15 किलो मक्याच्या बरोबरीचे होईल. मका 21 रुपये किलो असेल, तर बीटचे मोल गोठ्यापाशी तीन रुपयांच्या आसपास ठरते. वाहतूक, हमाली त्यातूनच वजा जाते. राजधानीचेच उदाहरण घ्यावे. लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतींत गोठ्यांना जागा नाही, पण गाझीपूर, भलस्वा, घोगा येथील दुग्धवसाहतींत जनावरे विकतच्या चाऱ्यावर जगतात. तेथे दुरून बीट पाठविणारा मुख्यतः पाण्याचेच भाडे भरतो. म्हणून हे पीक स्वतःच्या गोठ्यासाठी किंवा शेजारच्या गावच्या पशुपालकासाठीच अधिक किफायतशीर ठरते.

खाऊ घालताना अधिक सावधगिरी हवी. बीटमध्ये साखर भरपूर, तंतू कमी आणि प्रथिने अल्प असतात. रवंथ करणाऱ्या जनावराने ते एकाएकी पोटभर खाल्ले, तर कोटीपोटात आम्ल वेगाने वाढते. जनावर चारा सोडते, सुस्त होते, हगवण लागते आणि प्रसंगी दगावते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. गाय-म्हशीला आरंभी दोन-तीन किलो देऊन दहा ते पंधरा दिवसांत मात्रा हळूहळू वाढवावी. पूर्ण वाढलेल्या जनावरास दिवसाला 12 ते 20 किलो, शेळी-मेंढीला चार ते सहा किलो, ही काझरीची शिफारस आहे. पंधरा किलो बीट म्हणजे कोरडे खाद्य जेमतेम दोन किलो, हे ध्यानात घेतल्यास कडबा किंवा भुसा बंद करण्याचा मोह होणार नाही. बीट भरड्याची जागा काही अंशी घेऊ शकते, वैरणीची नव्हे. प्रथिनांसाठी पेंड किंवा लसूणघास आणि सोबत खनिज मिश्रण चालूच ठेवावे.

मुळे धुऊन, काप करून वैरणीत मिसळून द्यावीत. अखंड किंवा मोठा तुकडा जनावराच्या घशात अडकतो. पाल्यात प्रथिने अधिक, पण ऑक्झॅलेटही असते व ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. उसाच्या वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात ती याच दोषासाठी. नुसता पाला एका वेळी फार देऊ नये. उपटलेले बीट उन्हाळ्यात तीन दिवसांहून अधिक टिकत नाही. रोज लागेल तेवढेच काढावे, बाकीचे शेतातच राहू द्यावे.