बाभळीवरचा राखी खाटिक कमी होतो आहे

शिरूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, भीमेच्या काठी वडगाव रासाई वसलेले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेथून पुढे दोन्ही काठांवर उसाचे पट्टे दिसू लागतात. हिवाळ्याच्या सकाळी नदीकाठी उभे राहिले, तर पक्षीनिरीक्षकाची वही लवकर भरते. उथळ पाण्यात बगळे, चित्रबलाक आणि तुतारी, काठावर धोबी, तारेवर खंड्या आणि उसाच्या कडेला मुनियांचे थवे.

परंतु पाणी हा या भागाचा मूळ स्वभाव नव्हे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. जेथे कालवा किंवा उपसा योजना पोहोचलेली नाही, तेथे आजही मुरमाड माळ, त्यावर कुसळी गवत आणि अधूनमधून बोरी-बाभळी असे जुने चित्र शिल्लक आहे. चंडोल, माळटिटवी, धाविक आणि तित्तर हे या माळाचे रहिवासी. बाभळीच्या शेंड्यावर एकटाच बसून सभोवार नजर फिरवणारा राखी खाटिक हाही त्यांतलाच. ताज्या आकडेवारीनुसार देशभरात सर्वाधिक वेगाने घटलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते.

आकाराने तो साळुंकीएवढा, सुमारे २५ सेंटीमीटर लांब. पाठ राखाडी, पोट पांढरे, पंख व शेपटी काळी-पांढरी आणि चोचीपासून डोळ्यामागे गेलेला रुंद काळा पट्टा. या भागात आढळणाऱ्या इतर खाटिकांपासून त्याला वेगळे ओळखणे अवघड नाही. नकल्या खाटिकाच्या पाठीवर व कमरेवर तांबूस रंग असतो, तर आकाराने लहान असलेल्या तिसऱ्या जातीची पाठ गर्द तपकिरी असते. राखी खाटिकाच्या अंगावर तांबूस रंगाचा लवलेशही नसतो.

खाटिक हे नाव त्याला सवयीवरून मिळाले. टोळ, नाकतोडे, सरडे, उंदरांची पिल्ले आणि प्रसंगी लहान पक्षी तो मारतो. पाय शिकारी पक्ष्यांइतके बळकट नसल्याने भक्ष्य बाभळीच्या काट्याला अडकवून आकड्यासारख्या चोचीने त्याचे लचके तोडतो. उरलेले तेथेच टांगून ठेवतो. शास्त्रीय नावातील ‘लॅनिअस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खाटिक असाच आहे आणि ‘एक्सक्युबिटर’ म्हणजे पहारेकरी. एवढे असूनही शास्त्रीय वर्गीकरणात तो गायक पक्ष्यांच्या गटात मोडतो. त्याची नेहमीची हाक कर्कश असली, तरी विणीच्या काळात तो मंजूळ गातो आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही करतो. वीण प्रामुख्याने मार्च-एप्रिलमध्ये होते. काटेरी काड्यांचे, आत लोकर, चिंध्या व पिसे अंथरलेले घरटे बोरी-बाभळीतच असते.

दख्खनचा नमुना

या पक्ष्याचे आणि आपल्या भागाचे नाते शास्त्रीय साहित्यातही नोंदलेले आहे. पेशवाई संपल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावोगावची माणसे, पिके, महसूल यांच्या जोडीने साइक्स यांनी पशुपक्ष्यांच्याही नोंदी केल्या. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाली. वंचक, मोठा राखी सातभाई, राखी वटवट्या यांची पहिली शास्त्रीय वर्णने याच यादीतील. भारतातील राखी खाटिकालाही ‘लहटोरा’ या देशी नावावरून ‘लाहटोरा’ हे शास्त्रीय नाव साइक्स यांनीच दिले. युरोपपासून आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या या पक्ष्याच्या भारतीय उपजातीची ओळख जगाला झाली ती दख्खनच्या माळावरून.

त्या यादीतील दोन राखी पक्ष्यांची आजची अवस्था परस्परविरुद्ध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेरा संस्थांनी मिळून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. एकूण ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला असून १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिले आहे. ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. त्यांपैकी २०४ जाती घटल्या. राखी खाटिकाची घट ८० टक्क्यांहून अधिक आहे. राखी वटवट्या मात्र पारवा, कोकीळ आणि मोर यांच्यासोबत सुस्थितीतील पक्ष्यांत आहे. बाग, ऊस, कुंपण, सोसायटीचे आवार असे त्याला काहीही चालते. खाटिकाला माळच लागतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे पक्ष्यांची डोकी मोजून काढलेले आकडे नव्हेत. निरीक्षकांच्या दर शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आढळतो, हे प्रमाण सन २००० पूर्वी काय होते आणि आता काय आहे, याची ती तुलना आहे. शिवाय जागतिक लाल यादीत हा पक्षी अजूनही ‘कमी चिंते’च्या वर्गात आहे, कारण त्याचा जागतिक विस्तार फार मोठा आहे. भारतातील घट त्या विस्तारात झाकली जाते.

पडीक म्हणून गेलेला माळ

गवताळ व खुल्या प्रदेशांतील पक्ष्यांची पीछेहाट झाल्याचे अहवाल सांगतो. शिरूर-दौंडच्या बाबतीत त्याचा अर्थ समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पाणी आले की माळ फुटतो, बांध अरुंद होतात आणि बांधावरची बोर-बाभूळ सावली पडते म्हणून तोडली जाते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींभोवती जमिनीचे भाव वाढले. कीटकनाशकांनी टोळ-नाकतोडे कमी झाले, तर टोळांवर जगणाऱ्याचे पोट आपोआप मारले जाते. शेतकऱ्याला यात दोष देता येणार नाही. कोरडवाहू बाजरीपेक्षा ऊस त्याला हमखास पैसा देतो.

दोष असलाच तर तो कागदावरच्या एका शब्दात आहे. सरकारी दप्तरात माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी असते. पडीक जमीन सुधारायची, म्हणजे तेथे झाडे लावायची, असा सरळ हिशेब होतो आणि हरित पट्ट्याच्या नावाखाली गवताळ माळावर खड्डे खणले जातात. विलायती बाभूळ, म्हणजेच वेडी बाभूळ, तर न लावताही माजते. झाडोरा दाट झाला की शेंड्यावरून जमिनीवरचा टोळ हेरणाऱ्या पक्ष्याचा उपयोग संपतो. मेंढरांच्या चराईने आखूड राहिलेले गवत आणि दूरदूर उभी काटेरी झाडे हेच त्याचे खरे घर.

असा माळ संरक्षित स्वरूपात पाहायचा तर जवळचे ठिकाण बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य. चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. राखी खाटिकाची जोडी मोठा टापू राखून राहते. एवढ्या क्षेत्रात अशा किती जोड्या मावणार? त्यामुळे या पक्ष्याची खरी भिस्त अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर आणि बांधांवरच राहते.

पुण्याच्या पक्षीनिरीक्षकांच्या गाड्या हिवाळ्यात रोहित पाहण्यासाठी भिगवणला जातात. वाटेतल्या माळांवर क्वचितच कोणी थांबते. न्हावरे, मांडवगण फराटा, वडगाव रासाई या पट्ट्यात फिरणाऱ्याने सकाळी दहाच्या आत तारा आणि बाभळीचे शेंडे न्याहाळावेत, जाती व संख्या तारीख-वेळेसह ‘ई-बर्ड’वर नोंदवाव्यात आणि खाटिक दिसला नाही, तरी दिसलेल्या पक्ष्यांची पूर्ण यादी द्यावी. घट मोजताना खाटिक नसलेली यादीही तितकीच उपयोगी पडते. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. तेव्हा गवत वाळू लागलेले असते आणि शेंड्यावर बसलेला पांढरा-राखी ठिपका दुरूनही नजरेत भरतो.