सावलीत हरवलेला सांधा

मांजर उंचावरून पडलं तरी बहुतेकदा चार पायांवर उतरतं. पण पायांमागोमाग हनुवटीही जमिनीवर आपटू शकते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या व्हिटनी आणि मेहलहाफ यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली. मात्र एकूण मांजरांपैकी ५७ टक्के मांजरांच्या चेहऱ्याला मार लागला होता.

असा मार जबड्याच्या सांध्याला लागला, तर दोन उलट्या तक्रारी दिसतात. सांधा निखळला की तोंड नीट मिटत नाही, जबडा एका बाजूला सरकतो. सांध्याचं हाड मोडून भलत्याच जागी जुळलं, तर पुढे तोंड उघडेनासं होतं. वाढत्या पिल्लांना हा धोका जास्त. भूक असते, वाटी समोर असते, पण खाता येत नाही.

निखळलेला सांधा बसवायची युक्ती साधी आहे. भूल द्यायची, दाढांमध्ये पेन्सिलीसारखी काडी आडवी धरायची आणि जबडा हलकेच मिटवत मागे ढकलायचा. काडी तरफेचा टेकू होते. पण तिथलं हाड मोडलेलं असेल, तर याच युक्तीने इजा वाढते. म्हणून आधी आतलं दिसायला हवं.

घोडं तिथेच अडायचं. राँटगेनने १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण सावली दाखवतात, आणि मांजराच्या इवल्याशा कवटीत सांध्यावर इतर हाडांच्या सावल्या पडतात. खोली हरवते.

ती परत मिळवली गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने. अनेक कोनांतून मोजमाप घ्यायचं आणि आतला एकेक काप संगणकाने गणिताने उभा करायचा, ही त्याची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. १९७९ मध्ये त्याला कॉर्मॅकसोबत नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूसाठी बनलेलं हे यंत्र पुढे मांजराच्या सांध्यापर्यंत पोचलं. आता जुळून बसलेलं हाड नेमकं कुठून कापायचं, हे सर्जनला आधीच कळतं. सांध्याचा तेवढा भाग काढला तरी मांजर पुन्हा खाऊ शकतं.

शस्त्रक्रियेत धोका उरतोच: तोंडच उघडत नसेल, तर भुलीच्या वेळी श्वासाची नळी घालायला कधी गळ्याला छेद द्यावा लागतो.

शिवाय सीटी प्रत्येक दवाखान्यात नसतं. म्हणून पडलेलं मांजर चालतंय एवढ्यावर थांबू नका. ते वाटीपाशी जाऊन मागे फिरतंय का, लाळ गळतेय का, जांभई अर्धवट राहतेय का, बघा. तोंड बळेच उघडू नका; थेट डॉक्टरांकडे न्या.