वसूल भागभांडवल आणि पूर्ण भरणा झालेले शेअर

कंपनीने दिलेल्या शेअरांच्या दर्शनी किमतीपैकी जी रक्कम भागधारकांकडून आली, किंवा आल्याचे जमा धरले गेले, तिची बेरीज म्हणजे वसूल भागभांडवल. कंपनी कायदा 2013 च्या कलम 2(64) मधील व्याख्येचा आशय हाच आहे. शेअरची सगळी दर्शनी किंमत चुकती झाली की तो पूर्ण भरणा झालेला शेअर. एखादा हप्ता राहिला असेल तर अंशतः भरणा झालेला. अधिकृत भांडवल ही शेअर देण्याची नुसती वरची मर्यादा, तिच्यापाशी फार थांबायला नको.

वसूल भांडवल मोठे म्हणजे कंपनी भक्कम, हा समज सर्वत्र आढळतो. बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या श्री रेणुका शुगर्सच्या ताळेबंदापुढे तो टिकत नाही. सौंदत्ती तालुक्यातल्या मुनोळीच्या कारखान्यापासून वाढलेल्या या कंपनीचे 1 रुपया दर्शनी किमतीचे सुमारे 212.85 कोटी शेअर आहेत, म्हणून वसूल भांडवलही तेवढेच कोटी रुपये. तरीही 31 मार्च 2024 च्या एकत्रित ताळेबंदात निव्वळ मूल्य उणे होते. साठलेल्या तोट्याने भांडवल आणि राखीव निधी दोन्ही खाऊन टाकले होते, पण भांडवलाच्या ओळीतला आकडा जिथल्या तिथे राहिला. तोटा त्या ओळीतून वजा होत नाही. तो शेजारच्या ‘इतर इक्विटी’ या सदरात उतरतो. भागधारकांनी आपले देणे कितपत फेडले, एवढेच वसूल भांडवल सांगते. कंपनीकडे आज काय उरले, हे ते सांगत नाही.

निदान तेवढी रोकड कधीतरी तिजोरीत आलीच असेल, असे यावर म्हणता येईल. तेही खरे नाही. 2018 च्या कर्जपुनर्रचनेत रेणुकाच्या धनको बँकांनी कर्जाचा काही भाग शेअरांत बदलून घेतला. त्यातून भांडवल वाढले, कर्ज घटले, रोख रक्कम मात्र आली नाही. उलट बाजूने, आलेली सगळी रोकडही या आकड्यात मावत नाही. रिलायन्सच्या 2020 च्या हक्कभाग विक्रीत अर्जासोबत शेअरमागे 314.25 रुपये घेतले गेले. त्यातले भांडवलात धरले फक्त 2.50 रुपये, उरलेले 311.75 रुपये अधिमूल्य खात्यात गेले.

मग हा आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. भागधारकाची जबाबदारी शेअरवरच्या न भरलेल्या रकमेपुरती असते, म्हणून पूर्ण भरणा झाला की कंपनी बुडाली तरी त्याच्याकडे आणखी काही मागता येत नाही. ज्याला गुंतवणूकदार निर्धोक शेअर म्हणतो, त्यात धनकोच्या दृष्टीने वसुलीची एक वाट बंद झालेली असते. अंशतः भरणा झालेल्या शेअरची बाकी मात्र कंपनी गुंडाळताना नेमलेला परिसमापक मागू शकतो. कंपनीच्या नियमावलीत तरतूद असेल तर लाभांशही भरलेल्या रकमेच्या प्रमाणात देता येतो, आणि बोनस शेअर द्यायचे तर अंशतः भरणा झालेले शेअर आधी पूर्ण भरणा झालेले करावे लागतात.

मतदानाचा हक्कही याच आकड्यावर ठरतो. त्या बाबतीत सीमाभागातल्या ऊस उत्पादकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या लेखी शेअर म्हणजे निपाणीच्या हालसिद्धनाथ किंवा संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्याचे सभासदत्व. सहकारात भांडवल कितीही असो, सभासदाला एकच मत. कंपनीत पोल घेतला की इक्विटी भागधारकाचे मत कलम 47 नुसार वसूल इक्विटी भांडवलातल्या त्याच्या हिश्श्याने मोजले जाते.